इथे युरिया म्हणू नये

गेल्या आठवड्यात किनवटच्या पंपावर मी एका भल्या माणसावर खेकसले. ऑफिसच्या गाडीत डिझेल भरून झालं होतं. त्या बिचाऱ्याने अदबीने विचारलं, "मॅडम, युरिया टाकायचा का?"

"युरिया म्हणू नका!" मी म्हणाले. म्हणजे ओरडलेच. "दवा म्हणा, दवा!"

तो दचकून गाडीकडे बघायला लागला. "आजारी हाय का गाडी?" आमचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. आता पंपावर उभं राहून मी त्याला काय काय सांगणार! माझा स्वभाव चिडका आहे, ते कबूल. तहसील कचेरीत वीस वर्षं काढल्यावर माणूस मऊ राहत नाही. पण हे ओरडणं माझं नव्हतं, बसलिंगअप्पांचं होतं. ते माझ्या तोंडात कधी येऊन बसलं ते मलाही कळलं नाही.

मुखेडला मी टंचाई शाखेत होते. टंचाई शाखा म्हणजे उन्हाळ्यात शिव्या खायची खुर्ची. कुठल्या गावाला टँकर द्यायचा, किती खेपा द्यायच्या, सगळं त्या खुर्चीतून. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि गावात दोनच विषय होते, पाणी कधी येणार आणि नवा जिल्हा कधी होणार. दोन्ही वरच्याच्या हातात. कोणी म्हणे मुखेड नव्या जिल्ह्यात जाणार, कोणी म्हणे जीव गेला तरी आम्ही नांदेडातच राहणार. एका हुशार दुकानदाराने नवी पाटी रंगवताना "ता. मुखेड, जि." एवढं लिहून पुढची जागा कोरी सोडली होती.

गावाबाहेर रस्त्याला लागून अप्पांचं पत्र्याचं शेड होतं. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या पोरांना त्यांनी नोकरीभर शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तिसऱ्या दिवशी हे शेड उघडलं. मधले दोन दिवस काय केलंत, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पत्रे ठोकले."

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात आयटीआयचाच विटका निळा कोट आणि त्या कोटाच्या खिशात पान्याऐवजी खडू. सांगायचं ते लिहून सांगायचं, ही मास्तरकीची खोड सुटली नव्हती. टायरवर लिहीत, मडगार्डवर लिहीत, एकदा तर शेजारी मांडी घालून बसलेल्या ट्रकवाल्याच्या कळकट पँटीवरच आकृती काढली होती. त्यांच्याकडून निघालेली गाडी आठवडाभर खडूचे आकडे मिरवत फिरायची.

गाडीला हात लावण्याआधी ते तीन प्रश्न विचारत. काय भरलं? कुठं भरलं? काय म्हणून भरलं? तिसऱ्या प्रश्नाला नवखी माणसं हसायची. अप्पा हसत नसत. "नाव चुकलं की हात चुकतो बाबा," म्हणत, "हात चुकला की गाडी बसली."

आणि शेडच्या दारावर, जिथे दुसरा कोणी 'येथे थुंकू नये' लिहील तिथे, ठळक खडूने लिहिलेलं असायचं: इथे युरिया म्हणू नये. दर सोमवारी अप्पा ती अक्षरं पुन्हा गिरवत.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला आहे. मग कळलं. नव्या डिझेल गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी आणखी एक लहान टाकी असते, निळ्या झाकणाची. तिच्यात एक पाण्यासारखा द्रव भरतात. धुरातला विषारी वायू मारायला तो लागतो. तो अगदी शुद्ध युरिया अगदी शुद्ध पाण्यात विरघळवून केलेला असतो, म्हणून ड्रायव्हर लोक त्याला सरळ युरिया म्हणतात. इथवर ठीक. पण आमच्याकडे युरिया म्हटलं की डोळ्यापुढे काय येतं? घराच्या कोपऱ्यात रचलेली खताची पोती! मग ज्याच्या घरात पोतं आहे, तो पंपावरचा महागडा कॅन कशाला घेतो? पोतं फोडलं, बोरच्या पाण्यात विरघळवलं, ओतलं टाकीत. गाडी चार दिवस चालते आणि पाचव्या दिवशी बसते. ही चूक पुण्या-मुंबईचा ड्रायव्हर करणार नाही, कारण त्याच्या घरी पोतं नसतं.

टँकरमालकांची एकदा आमच्या सभागृहात बैठक भरली होती. सगळे एका सुरात बोंबलत होते, की हे नवीन लफडं काढून टाकायची परवानगी द्या, गाड्या सारख्या बंद पडायल्यात. तहसीलदारसाहेबांनी अप्पांना बोलावून घेतलं. अप्पा फळ्यापाशी गेले, आमचा खडू बाजूला सारून स्वतःचा काढला.

"हवेत नायट्रोजन अन् ऑक्सिजन शेजारी-शेजारी राहतात," म्हणाले. "भांडण न्हाई, सोयरीक न्हाई. पण इंजिनात गेले की उष्णतेनं दोघांचं डोकं फिरतं अन् नको ते लग्न लागतं. त्यातून जो वायू निघतो तो काळा न्हाई, दिसत न्हाई. काळा धूर बिचारा भोळा, तोंड दाखवून येतो. हा छातीत शिरंपर्यंत पत्ता लागू देत न्हाई."

"मग तुमचं ते पाणी काय करतं?" मागून कोणीतरी ओरडलं.

"फारकत," अप्पा म्हणाले. सभागृह एकदम गप्प झालं. फारकत म्हटल्यावर आमच्याकडे माणसं कान देतातच. "त्या पाण्याचा गरम नळीत अमोनिया होतो. तो जाऊन ह्या जोडप्याची फारकत करतो. पण अशी रस्त्यात उभ्याउभ्या फारकत होत न्हाई. पंच लागतो. तो त्या मोठ्या डब्यात बसलाय. जाळीदार विटंवर लेप दिल्याला असतो, तोच पंच. पुस्तकात त्याला उत्प्रेरक म्हणत्यात. सगळ्यांना जवळ बसवतो, बोलणी करतो, मिटवतो. अन् सोता जसा आला तसा घरी जातो, ना देणं ना घेणं."

"अन् शेवटी नळीतून काय निघतं?"

"नायट्रोजन निघतो, ह्योच आपल्या हवेतला. अन् पाणी."

"पाणी?"

 मग एक जण उठून म्हणाला, "मग अप्पा, नळीखाली घागर लावू का?"

अख्खं सभागृह हसलं, साहेबसुद्धा हसले. अप्पांनी मात्र शांतपणे उत्तर दिलं. "लाव. पण रिकामीच घरी नेशील. वाफ हाय ती." कुठल्याही प्रश्नाला ते थट्टा समजत नसत. म्हणून त्यांची कोणी थट्टा करू शकत नसे.

वैशाखात गौसचा टँकर वरवटवाडीच्या चढावर बसला.

गौस हा टँकरचा मालक आणि ड्रायव्हर दोन्ही. नवीकोरी गाडी. वरवटवाडी त्याच्याकडे होती. डोंगराच्या टोकावर साठ-सत्तर घरं, विहीर कोरडी, आणि पाण्याचा हौद रस्त्यापेक्षा उंच, त्यामुळे गाडीचं इंजिन चालू ठेवून पंपाने पाणी वर ढकलावं लागायचं. त्या दिवशी अर्ध्या चढावर डॅशबोर्डचा लाल दिवा लागला आणि गाडीने ताकद सोडली. भरला टँकर मागे सरकायला लागला. गौसने ब्रेक दाबून धरला, दगड लावले आणि शेवटी व्हॉल्व्ह सोडून अर्धं पाणी रस्त्यावर ओतून दिलं, तेव्हा कुठे गाडी खाली आणता आली. वर कडेला बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत ते पाणी उतारावरून वाहत गेलं.

हे मला सांगताना गौस रडला. मी त्याला घेऊन तशीच अप्पांच्या शेडला गेले. वाडीच्या हौदात फार तर दीड दिवसाचं पाणी होतं आणि माझ्याकडे एकही टँकर शिल्लक नव्हता.

अप्पांनी निळं झाकण उघडलं, वाकून एकदा हुंगलं आणि म्हणाले, "लिंब."

"क्या?" गौस म्हणाला.

"कडुलिंब. सरकार शेतातल्या युरियाला लिंबाचं तेल चोळतंय गौस. कुणाच्या शेतातलं पोतं?"

 गौसचं तोंड उतरलं. "सासऱ्याच्या, अप्पा. सगळे बोले युरिया डालो, युरिया डालो. मैंने डाला."

"अन् पाणी?"

"बोरचं."

"शेतातला युरिया अन् बोरचं पाणी," अप्पांनी झाकण बंद केलं. "ज्वारीला घातला असतास तर कणसं तरी लागली असती." एवढंच. त्याहून एक शब्द जास्त रागावले नाहीत. मी असते तर गौसच्या सात पिढ्यांची पूजा बांधली असती.

त्यांनी नळी खोलून दाखवली. आत पांढरे खडे बसले होते, मिठाच्या ढेपांसारखे. बोरच्या पाण्यातले क्षार पार पंचाच्या विटेपर्यंत पोचले होते. सगळं खोलायचं, धुवायचं, वाळवायचं, नांदेडहून खरा द्रव मागवायचा. दोन दिवस.

"दोन दिवस?" मी म्हणाले. "अप्पा, वाडीत दीड दिवसाचं पाणी आहे!"

तेवढ्यात एक जीप येऊन थांबली. गौसनेच घाबरून फोन करून ठेवला होता. गावोगाव फिरून गाड्यांना एक छोटी डबी बसवून देणारा माणूस. ती डबी बसवली की गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, सगळं झकास चाललंय. दिवा जातो, ताकद परत येते, टाकीत काही घालायचीही गरज नाही. अर्ध्या तासाचं काम. त्याने स्वतःच्याच जीपचा डॅशबोर्ड दाखवला. "बघा मॅडम, लाल दिवा हाय का?"

नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

अप्पा शेडमध्ये गेले आणि लिटमसचा निळा कागद घेऊन आले. शाळेत असतो तोच. पाण्यात भिजवला आणि त्या चालू जीपच्या धुराच्या नळीपाशी धरला. बघता बघता कागद लाल झाला.

"दिवा गेला," अप्पा म्हणाले. "वायू कुठं गेला?"

डबीवाला हसला. "दिसत न्हाई त्याचं काय एवढं मनावर घ्यायलाव म्हातारबा?"

आणि इथे मी जे बोलले ते मला आजही खुपतं. मी म्हणाले, "अप्पा, तिकडे बाया घागरी घेऊन बसल्यात, आणि तुम्ही इथे शाळेचे प्रयोग करायलाय! मेल्यावर शुद्ध हवा काय उपयोगाची? बसवू द्या ती डबी!"

 अप्पांनी तो लाल कागद कोटाच्या खिशात ठेवला.

"गाडी गौसची हाय अन् हुकूम तुमचा हाय, बाई. बसवा. मी कोण अडवणारा? फक्त एक करा. वाडीत हौद भरायला पाऊण तास लागतो. इंजिन चालू ठेवावं लागतं. तेवढा वेळ धुराच्या नळीच्या तोंडाशी रांग असते बायांची, कडंवर लेकरं असतात. एक दिवस तुम्हीबी त्या रांगेत उभ्या राहा. पाऊण तास."

मी त्या वाडीवर एकदा गेले होते. तपासणीला. तेव्हा एक जुनी खटारा गाडी होती. दहा मिनिटांत माझे डोळे चुरचुरायला लागले म्हणून मी जीपमध्ये जाऊन काच वर करून बसले होते. बाया तिथेच होत्या. हे मी अप्पांना कधी सांगितलं नव्हतं. पण त्या क्षणी मला असं वाटलं की या माणसाला ते माहीत आहे.

"दोन दिवस," मी म्हणाले. "परवा सकाळी गाडी चढली नाही तर मी स्वतः डबी बसवणार."

"हाव," अप्पा मान डोलावत म्हणाले आणि कोटाच्या बाह्या वर केल्या.

आता धुवायला पाणी पाहिजे. आणि पाणी म्हणजे असं, की ज्यात क्षाराचा कण नाही. मी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या आणवल्या. अप्पांनी एक लोखंडी पत्रा स्टोव्हवर तापवला, त्यावर बोरच्या पाण्याचा थेंब टाकला. थेंब उडाला, मागे पांढरं कडं राहिलं. मग बाटलीतला थेंब. तिथेही कडं. "ह्यो बोरचाच भाऊ हाय, नवे कपडे घालून आलाय," म्हणाले. जारच्या पाण्याचा थेंब टाकला. त्याचंही फिकट कडं उमटलं. मी रडकुंडीला आले. दुष्काळात पाणी मिळवणं हे माझं कामच होतं, पण असलं पाणी मी कुठून आणू?

"साहेबाच्या खोलीत एसी हाय ना?" अप्पांनी विचारलं.

"आहे. मग?"

"त्याच्या नळीतून काय गळतंय?"

मी धावत कचेरीत गेले आणि साहेबांच्या खिडकीखाली कॅन लावला. साहेब बाहेर आले. "टंचाई शाखेला आता एसीचं पाणीपण कमी पडायला लागलं का?" म्हणाले. पण कारण कळल्यावर त्यांनी स्वतः एसी वाढवला. मग बँकेच्या भिंतीखाली एक कॅन, एटीएमच्या मागे एक, डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक. गौस दिवसभर मोटारसायकलवर कॅन गोळा करत फिरत होता. कोरड्या हवेत ते पाणी गळायचं तरी किती! अप्पांनी ते फडक्यातून गाळलं आणि पत्र्यावर थेंब टाकला. थेंब उडाला. मागे काहीच राहिलं नाही. पत्रा जसाच्या तसा. अप्पा त्या पत्र्याकडे असे बघत होते की मीही वाकून बघितलं.

ज्या गावात प्यायला पाणी नाही त्या गावात हा माणूस कॅनभर पाण्याने एक वीट धूत बसला होता. येणारे-जाणारे थांबून बघत, टोमणे मारत. अप्पांचं लक्ष नव्हतं. वाटीने पाणी सोडायचं, खालून निघालेलं पुन्हा पत्र्यावर टाकून बघायचं. कडं उमटलं की पुन्हा एक वाटी. प्रत्येक वेळी कडं थोडं फिकं. मला घरी जायचं होतं, पण पाय निघेना. इतक्या मन लावून कोणी काम करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

गौस शेजारी वाटी धरून बसला होता. म्हणाला, "अप्पा, युरिया न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं? द्रव माझ्या तोंडात बसत नै."

"मग तुझ्या तोंडात काय बसतं?"

गौसने जरा विचार केला. "दवा."

अप्पांचा हात थांबला. चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. "दवा म्हण," म्हणाले. "दवा म्हटल्यावर कुणी शेतातलं पोतं फोडणार न्हाई. तीस वर्षं शिकवलं मी गौस, हा शब्द मला कामून सुचला न्हाई?" आणि त्यांनी टायरवर खडूने लिहून ठेवलं. महिनाभरात तालुक्यात सगळे दवाच म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी बंद होता. मुखेड कुठल्या जिल्ह्यात, या प्रश्नावर दुकानं बंद, फाट्यावर रास्ता रोको. दवेचा कॅन नांदेडहून एसटीने निघाला होता आणि ती एसटी फाट्याच्या पलीकडे अडकून पडली. मी कपाळावर हात मारून घेतला. अप्पांना मात्र बंदाचा वेगळाच फायदा दिसला. बेकरी बंद, म्हणजे भट्टी दिवसभर रिकामी! धुतलेली वीट त्यांनी भट्टीत मंद आचेवर वाळत घातली, बेकरीवाल्याला तिच्यापाशी बसवलं आणि मला म्हणाले, "चला बाई, कॅन आणू."

त्यांच्या मोपेडवर मागे बसून मी फाट्यावर गेले. टँकरच्या कारकुनीत हाही योग होता! रस्त्यात टायर पेटवलेले, घोषणा चाललेल्या. पुढारी होता बालाजी, अप्पांचा जुना विद्यार्थी. अप्पांना बघून घोषणा अर्ध्यात सोडून तो पाया पडायला वाकला.

"सर, तुम्ही पाठिंब्याला आलात?"

"कॅनला आलो. एसटीत हाय. वरवटवाडीचा टँकर अडलाय."

"सर, आज एकालाबी सोडायचं न्हाई असं ठरलंय. तालुक्याच्या इज्जतीचा प्रश्न हाय."

अप्पांनी पेटलेल्या टायरांकडे पाहिलं. "बालाजी, तुला मी नापास केलतं, आठवतंय?"

"आठवतंय सर."

"पुन्हा परीक्षेला बसू दिलं का न्हाई?"

"दिलं सर."

"मग वाडीलाबी एकदा बसू दे. जिल्हा नवा करा का जुना ठेवा, मला काय न्हाई. धूर तालुका विचारून जात न्हाई अन् तहानबी न्हाई."

बालाजीने मागे वळून पोरांना थांबा म्हटलं. मग स्वतः गेला, एसटीच्या टपावरचा कॅन काढला आणि खांद्यावर घेऊन पेटलेल्या टायरांच्या मधून चालत आला. माणसांनी आपोआप वाट दिली. "सर, यात काय युरिया हाय का?" त्याने विचारलं आणि अप्पांचं तोंड बघून जीभ चावली.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी शेडला पोचले तर गाडी जोडून तयार होती. अप्पांचे डोळे लाल, विभूती पुसट, कोटावर बेकरीचं पीठ. काल वाडीचा हौद तळाला गेला होता. सरपंचाचा मला फोन आला होता आणि त्याने शिवी दिली नव्हती, नुसतं "बाई, बघा," एवढंच म्हणाला होता. शिव्या परवडतात.

गौसने चावी फिरवली. लाल दिवा लागला तो लागलेलाच राहिला.

"अप्पा!" मी किंचाळले.

"लागू द्या. गाडीची फसगत झालीय एकदा. तिला पटायला वेळ लागतो," अप्पा केबिनमध्ये चढत म्हणाले. "भर पाणी अन् चल. थांबायचं न्हाई."

मी त्या टँकरमध्ये बसले. गौस चालवतोय, मधे अप्पा, खिडकीशी मी. सपाटीवर गाडी रखडत चालली, सायकलवाले पुढे जात होते. दिवा तसाच. चढाचा पायथा आला. गौसने अप्पांकडे पाहिलं. मी देवाला जे जे काही कबूल करायचं ते करून टाकलं. पहिलं वळण आलं, इंजिन घरघरायला लागलं. परवा पाणी सोडलं होतं ती जागा आली, तिथे मातीत अजून ओघळ दिसत होता. गौसच्या कपाळावरून घाम गळत होता.

"नळी तापली आता," अप्पा म्हणाले. स्वतःशीच.

आणि दिवा गेला. काही आवाज नाही, काही नाही. गेला. पुढच्या क्षणी गाडीने खालून कोणी ढकलल्यासारखी उचल खाल्ली. गौस "या अल्ला" म्हणाला आणि हसता हसता रडायला लागला. मी अप्पांचा हात घट्ट धरला होता, ते मला वर पोचल्यावर कळलं. वयाने वडिलांसारखा माणूस, सोडवून घेतला नाही त्यांनी हात.

वाडीत बाया धावत आल्या. गौसने लगेच पंप चालू केला आणि हौदात पाणी पडायला लागलं. तो आवाज ऐकून एक म्हातारी नुसती खाली बसली. मी जाऊन धुराच्या नळीपाशी उभी राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. पाऊण तास उभी राहिले. गरम हवा येत होती. डोळे चुरचुरले नाहीत, घसा धरला नाही. माझ्या शेजारी एका बाईच्या कडेवरचं लेकरू झोपून गेलं.

त्या पावसाळ्यात माझी किनवटला बदली झाली. कामाच्या धबडग्यात मुखेडला जाणं राहून गेलं आणि मग एक दिवस अप्पा गेल्याचा गौसचा फोन आला. त्यामुळे माझ्याकडे अप्पांचं शेवटचं जे आहे ते वाडीवरचंच आहे.

हौद निम्मा भरला तेव्हा ती खाली बसलेली म्हातारी तांब्या घेऊन अप्पांकडे आली. "घ्या अप्पा, प्या." अप्पांनी मान हलवली. मला वाटलं, लाजतायत. गौस हळूच म्हणाला, "कालपासून पाणी घेतलं नै त्यांनी, मॅडम. पूजा झाल्याशिवाय घेत नैत. घरी कुठे गेले?" जुन्या लिंगायत माणसांचं हे व्रत मला माहीत होतं. पण ऐन वैशाखात, सबंध एक दिवस आणि रात्र, हाताखालून कॅनच्या कॅन स्वच्छ पाणी जात असताना!

अप्पांनी तांब्यातून पळीभर पाणी मागून घेतलं आणि बसायला जागा शोधली. त्या उघड्या माळावर सावली एकच होती, टँकरच्या मागची. तिथे ते मांडी घालून बसले. "अप्पा, नळी आहे तिथे, पुढे या," मी म्हणाले. "बरं हाय इथं," म्हणाले. गळ्यातल्या पांढऱ्या कापडातून त्यांनी इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर घेतलं, पळीतलं पाणी वाहिलं आणि डोळे मिटले. इंजिन चालू होतं. नळी त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर होती, आणि अप्पा सावकाश, छाती भरून श्वास घेत होते.